वावरातली सायकल: प्रकल्प नोंदी

१४ डिसेंबर २०२५, रविवार

नागपूरला धरमपेठेत सकाळी पहिली बैठक झाली. सायकल शर्यत ८ फेब्रुवारीला. काटोल नाक्यावरून निघून फेटरी, कळमेश्वर असा संत्रापट्ट्यात फेरा मारायचा आणि परत यायचं. रस्ता, बंदोबस्त, रुग्णवाहिका यांना माणसं नेमली. ‘रस्त्याकडेची गावं’ हे खातं माझ्याकडे आलं, कारण त्या वेळी मी पोहे आणायला बाहेर गेलो होतो. तर्रीचा डबा घेऊन परत येईपर्यंत वहीत माझं नाव पडलेलं.

गावांनी रस्त्यावर उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, एवढीच समितीची अपेक्षा आहे. मी म्हटलं, त्यापेक्षा गावांना काहीतरी करू द्या. फ्रान्समधले शेतकरी ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीच्या, म्हणजे टूरच्या दिवशी शेतात प्रचंड सायकली मांडतात, गवताच्या गठ्ठ्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या. ट्रॅक्टर गोल फिरवून चाकंही फिरवतात. हेलिकॉप्टरचा कॅमेरा वरून जातो आणि त्या गावाचं नाव जगभर दिसतं. तिथल्या शेतकरी संघटना या चित्रांची स्पर्धाही घेतात. आपल्याकडे हेलिकॉप्टर नाही, पण एक ड्रोन आहे.

“एका गावात करून पाहा,” असं ठरलं. पैसे? त्यावर सगळ्यांनी पोहे छान झाल्याचं सांगितलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

टूरच्या जुन्या गोष्टी वाचत बसलो. समितीला पटवायला दाखले लागतील.

ही शर्यत १९०३ मध्ये एका वर्तमानपत्राने खप वाढवायला सुरू केली, म्हणजे मुळातच जाहिरात. १९१९ मध्ये आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी आली, कारण त्या पेपरचा कागद पिवळा. इटलीच्या जिरो शर्यतीची जर्सी १९३१ पासून गुलाबी, तिथेही पेपरच्याच कागदामुळे. १९३० साली टूरमध्ये सायकल कंपन्यांचे संघ काढून देशांचे संघ आणले. कंपन्यांचा पैसा आटला, म्हणून शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा सोडला. चॉकलेटवाले चॉकलेटं वाटत सुटले. तो ताफा अजून चालतो, आणि बरीचशी माणसं सायकलींपेक्षा त्याच्यासाठीच तासभर आधी येऊन बसतात. कारण सरळ आहे. सायकली अर्ध्या मिनिटात निघून जातात.

ते अर्धं मिनिट हीच सगळी अडचण. गावाने महिनाभर खपायचं आणि घोळका तीस सेकंदांत पार.

२१ डिसेंबर, रविवार

कळमेश्वरच्या पुढचं एक गाव ठरलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे कळेल का ते. शर्यतीचा रस्ता गावाला लागून जात नाही. तिथून फाटा फुटतो आणि गाव दोन किलोमीटर आत. फाट्याच्या कोपऱ्यावरच एक वावर मोकळं आहे. सोयाबीन निघालं, आणि विहिरीचं पाणी संत्र्याला पुरवायचं म्हणून मालकाने हरभरा पेरला नाही. काळी माती, सपाट, रस्त्याला लागून. त्यातला ७० बाय ४० मीटरचा तुकडा द्यायला ते तयार झाले. अट एकच: “खड्डे नाही करायचे.”

सरपंचताईंकडे चहा झाला. मी लॅपटॉपवर फ्रान्सची चित्रं दाखवली. ताईंनी शांतपणे पाहिलं. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “छान आहे, पण आमाले तं दिसणारच नाही. वरून कोण पाहून राहिलं?”

मी म्हटलं, कॅमेरा.

“मंग कॅमेऱ्यालेच काढू द्या.”

सगळे हसले, मीही हसलो. येताना फेटरीपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

२८ डिसेंबर, रविवार

पहिली आखणी. सामान: पन्नास मीटरचा टेप, सुतळी, खुंट्या, फक्कीची (रेघा मारायच्या चुन्याच्या भुकटीची) दोन पोती. गावातले एक गवंडी आणि पाच-सहा पोट्टे.

खऱ्या सायकलीचं चाक साधारण ६८ सेंटीमीटर व्यासाचं आणि दोन चाकांच्या केंद्रांत एक मीटर अंतर. चाक २४ मीटरचं धरलं की माप पस्तीसपट होतं. म्हणजे केंद्रांतलं अंतर ३५ मीटर आणि सायकलीची एकूण लांबी ५९. वावरात नेमकी बसते. पायडलचा बिंदू मागच्या केंद्रापासून १४ मीटर पुढे आणि अडीच मीटर खाली. मी हे सगळं कागदावर मांडून नेलं होतं. गवंड्यांनी कागद पाहिलाच नाही. मधोमध खुंटी ठोकली, बारा मीटर सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला फक्कीचा डबा घेऊन एक पोट्टा पळाला आणि चाक तयार. काटकोनाला गुण्या कुठला पुरणार, म्हणून सुतळीला ३-४-५ च्या गाठी मारल्या.

दांडे मात्र बिघडले. वरचा दांडा मधे खाली झुकला, कारण सुतळी सरीवरून जाताना ढिली पडली. लांब उभं राहून पाहिलं तर एक पोट्टा म्हणाला, “ही तं लेडीज सायकल झाली.” गवंडी म्हणाले, “लेडीज नाही, दूधवाल्याची आहे. दांडा असाच वाकते त्याच्या वजनानं.”

तिथेच विषय फिरला. गावातून रोज पहाटे दूध घेऊन कळमेश्वरला जाणारे एक काका होते. आता गुडघ्यामुळे जात नाहीत. त्यांची सायकल कशी होती यावर अर्धा तास वाद झाला: कॅन एका बाजूला की दोन्हीकडे, कॅरिअरला ट्यूबचा पट्टा की दोरी. शर्यतीची सायकल पोट्ट्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलेली. दुधाची सायकल सगळ्यांनी धरून पाहिलेली. ठरलं, दुधाचीच काढायची.

मला आधी वाटलं होतं शर्यतीत हे विसंगत दिसेल. आता वाटतं, पातळ टायरच्या दीडशे सायकलींच्या बाजूला ही एकच सायकल काम करणारी असेल.

४ जानेवारी २०२६, रविवार

ड्रोनवाला मित्र आला. विमानतळापासून आपण बारा किलोमीटरच्या पुष्कळ बाहेर आहोत. नकाशावर हा भाग हिरवा आहे, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, साधारण १२० मीटर, वेगळी परवानगी लागत नाही. आम्ही शंभर मीटरवर नेला. चित्रात सुमारे १४५ मीटर रुंदीचं शेत मावतं.

निकाल वाईट. फक्कीची रेघ एक वीत-दीड वीत रुंद. मोबाइलवर ती केसाएवढी दिसली. त्यातून दोन रात्रींच्या दवाने फक्की विरून गेलेली. रेघ किमान एक मीटर रुंद हवी. एवढी फक्की टाकायची तर पोती मोजता यायची नाहीत, आणि मालक जमिनीत एवढा चुना पडू देणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

कुटार (भुसा) टाकू म्हटलं. सोयाबीनचं कुटार काळ्या मातीवर उठून दिसतं. पण ते गुरांचं खाणं. वाऱ्याने अर्धं धुऱ्यावर (बांधावर) जाईल, आणि खाली आधीचा चुना आहे, तो लागलेलं कुटार बैल तोंडात धरणार नाहीत.

मग संत्री. नागपूरचं नाव, केशरी रंग, समितीला ही कल्पना फार आवडली होती. निदान दुधाचा कॅन संत्र्यांनी भरू. हिशेब केला: कॅन तीन बाय पाच मीटर, म्हणजे पंधरा चौरस मीटर. एका चौरस मीटरला अडीचशे फळं. चार हजाराच्या घरात. गळालेली फळं घेऊ म्हटल्यावर वावराचे मालक माझ्याकडे बघत राहिले. “भाऊ, एवढी गळ झाली तं मी सायकल काढीन का कपाळाले हात लावून बसन?”

संत्री रद्द. क्रेट घेऊ. बागेतून माल भरायचे साठ बाय चाळीसचे प्लास्टिकचे क्रेट पालथे घातले की साठ-बासष्टात कॅन भरतो. केशरी, निळे जसे मिळतील तसे.

११ जानेवारी, रविवार

उत्तर बचत गटाच्या बैठकीत सापडलं, आणि ते माझं नाही.

संक्रांतीच्या वाणाची चर्चा चालू होती. मी कोपऱ्यात बसून रेघेची रडकथा सांगितली. मागे ‘वरून कोण पाहून राहिलं’ म्हणणाऱ्या बाई उठल्या, आतून एक जुनी साडी आणली आणि अंगणात अंथरली. पन्ना एक मीटरला चार बोटं जास्त, लांबी साडेपाच मीटर. “घ्या तुमची रेघ.”

चाकाचा घेर ७५ मीटर. साडेपाचने भागलं की चौदा साड्या. दोन चाकांना अठ्ठावीस. तिथेच कागदावर नावं पडली. पिवळ्या, पोपटी, गुलाबी चालतील. काळ्या मातीवर गडद निळी आणि जांभळी दिसणार नाही, हे सांगताना मला संकोच वाटला, कारण दोघींनी नेमक्या तशाच आणल्या होत्या. त्या सीटला लावू, सीट गडदच असते, असं म्हणून वेळ मारून नेली. सीटभोवती पांढरी किनार करावी लागेल.

दांड्यांना युरियाची रिकामी पोती. शिवण उसवून उघडली की आतून पांढरीशुभ्र. गावात ती हवी तेवढी आहेत.

एक अट पुढे आली: “माझी साडी कोणती ते मले दिसलं पाहिजे.” ते कसं करणार, ते अजून सुचलेलं नाही.

(वीजखांबांना साड्या बांधू नका, हे आजच सांगून टाकलं. २०१४ मध्ये टूर इंग्लंडात यॉर्कशायरमधून निघाली, तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी छोट्या लोकरी जर्स्या विणून हजारोंनी माळा टांगल्या. एका गावात त्या दिव्याच्या खांबांवरून उतरवाव्या लागल्या. ओल्या लोकरीचं वजन खांबांना पेलणार नाही, असं प्रशासन म्हणालं. आपल्याकडे तर खांबांवर आधीच अर्धा गाव लोंबकळलेला असतो.)

१८ जानेवारी, रविवार

आज चित्राचं काम नाही. संक्रांत झाली, आणि फेटरीपासून पुढे रस्त्याकडेच्या बाभळींत नायलॉन मांजा अडकलेला. बंदी असून सर्रास विकला जातो. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या गळ्याशी तो आला तर काय होईल, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. आठ जण, चार बांबूंना कोयते बांधून, सकाळी सात ते दुपारी एक. दोन गोण्या भरल्या.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन आटोपून शाळेची मुलं थेट वावरात. कल्पना अशी: पुढच्या चाकाचे आरे म्हणजे मुलं. चार आरे, प्रत्येकी आठ मुलं, पांढरे शर्ट. घोळका येताना आरे फिरायचे.

ट्रॅक्टर का नाही, हा प्रश्न पोट्ट्यांनी विचारला होताच. ताशी पाचने ट्रॅक्टर घेरावर चालवला तर एक फेरा ५४ सेकंदांचा. ड्रोनचा शॉट आठ सेकंद टिकला तर नशीब. तेवढ्यात चाक जेमतेम सातवा हिस्सा फिरतं. वरून ते थांबल्यासारखंच दिसेल. मुलांनी चाळीस सेकंदांत फेरा पुरा केला तर आठ सेकंदांत पाचवा हिस्सा, म्हणजे फिरल्याचं कळतं.

सरावात काय झालं ते लिहिलंच पाहिजे. आऱ्याच्या बाहेरच्या टोकाच्या मुलाला जवळजवळ पळावं लागतं, आतल्याला जागच्या जागी पाय हलवायचे. आतली लेकरं कंटाळून पुढे चालू लागली आणि आरा केळीच्या पानासारखा वाकला. मास्तरांनी शिट्टी मारली. दुसऱ्यांदा सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. बाहेरची मुलगी ढेकळात पडली आणि तिच्याबरोबर आणखी सात. तिसऱ्यांदा सरपंचताईंनी आठ-आठ मीटरचे बांबू आणवले, मुलांनी बांबू धरून चालायचं. जमलं. मोठ्या पोरांची परीक्षा तोंडावर आहे, त्यामुळे आरे पाचवी ते आठवीचेच.

एका आजोबांना सुचलं, गावाच्या पाण्याच्या टाकीवरून आपल्यालाही दिसेल. टाकीची उंची पंधरा मीटर धरली तरी, टाकी अगदी शेताला लागून चाळीस मीटरवर असती तरी, गोल चाक चपटं होऊन उंचीला एक-तृतीयांश दिसेल. ते गोल दिसावं म्हणून चित्र उभ्याने तिप्पट ओढावं लागेल, आणि मग ड्रोनला ते ताणलेल्या रबरासारखं दिसेल. शिवाय आपली टाकी गावात, दोन किलोमीटर आत. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे एक तं त्यायच्यासाठी, नाही तं आपल्यासाठी.”

हो, तसंच.

१ फेब्रुवारी, रविवार

वाद. हे होणारच होतं.

शर्यतीचा रस्ता गेल्या पंधरवड्यात गुळगुळीत झाला. खड्डे भरले, कडेला पट्टे मारले. फाट्यापासून गावापर्यंतचे दोन किलोमीटर तसेच. रोलर फाट्यावरून वळून परत गेला, हे सगळ्या गावाने उभं राहून पाहिलं. पोट्ट्यांना आता बडग्या करायचाय: मोडक्या सायकलीवर पुतळा, गळ्यात पाटी, आणि तो फाट्यावर उभा.

नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेली. तिच्याबरोबर बडगे असतात, त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. राग काढायची आमची रीत ती. पण म्हाताऱ्यांनी पोट्ट्यांना गप्प केलं. बडग्या पोळ्यालाच, माघात नाही. अवेळी केला तर पीडा जायची सोडून घरात येते.

मग पोट्टे म्हणाले, ठीक, सायकलीखाली लिहू: ‘गाव २ किमी. रस्ता नाही.’

समितीत फोनवर अर्धा तास. “आपण उत्सव करतोय, मोर्चा नाही.” प्रायोजकाला त्या जागी स्वतःचं चिन्ह हवं होतं, तेही आजच कळलं. मी टूरचे दाखले काढले, यासाठीच वाचून ठेवले होते. १९८२ मध्ये पोलाद कारखान्याच्या कामगारांनी रस्ता अडवला आणि सांघिक टप्पा रद्द करावा लागला. २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी गवताचे गठ्ठे रस्त्यावर टाकले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो सायकलस्वारांच्याच डोळ्यांत गेला आणि शर्यत पंधरा मिनिटं थांबली. टीव्हीवाला रस्ता ज्याच्या दारातून जातो तो बोलणारच. आमचं गाव ते वावरात, धुऱ्याच्या आत, युरियाच्या पोत्यांनी बोलतंय. यापेक्षा शहाणपणाचं काय मागता?

शेवटी ‘तुमच्या जबाबदारीवर’ असं उत्तर मिळालं. गावाचं नाव चित्रात नाही आणि इथेही नाही, ते यामुळे. ताईंना अजून त्याच कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आहेत.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी चारपासून मांडणी. साड्या अंथरल्या, दर हातभर अंतरावर ढेकूळ. वारा सुटला की ढेकळांमधली साडी फुगते, चाकाला फोड आल्यासारखे दिसतात. तुराट्यांचे आकडे करून कडा मातीत टोचल्या. पोत्यांच्या दांड्यांना त्रास नाही, जड आहेत. क्रेट सत्तावन्नच मिळाले, कॅन वरून थोडा रिकामा. “दूध वाटून झालं थोडं,” गवंडी म्हणाले.

‘माझी साडी’चा प्रश्न ताईंनी सोडवला. चाकाला घड्याळासारखे आकडे दिले. जिची साडी तिने आकडा लक्षात ठेवायचा. मागचं चाक, तीनच्या जागी: मोतिया, लाल काठ. अशी यादी मास्तरांकडे.

रात्री राखणीला दोघं वावरातच झोपले. रानडुकरं येतात.

८ फेब्रुवारी, रविवार

पहाटे दव. साड्या ओल्या होऊन गडद झाल्या, माझ्या पोटात गोळा. साडेआठला ऊन चढलं तसे रंग परत आले.

९ वाजून ४० मिनिटांनी पायलट गाडी. मुलांनी बांबू उचलले, मास्तरांची शिट्टी, आरे फिरू लागले. बाया धुऱ्यावर ओळीने उभ्या. घोळका आला तसा टायरांचा तो आवाज, सूप पाखडल्यासारखा, आणि गेला. मी मोजले, बावीस सेकंद. तीन-चार सायकलस्वारांनी वावराकडे मान वळवली. एकाने हात केला. त्यांना जमिनीवरून दिसल्या असतील फक्त अंथरलेल्या साड्या आणि गोल गोल चालणारी लेकरं. काय वाटलं असेल कोण जाणे.

थेट प्रक्षेपणात आमची सायकल दिसली नाही. नेमक्या त्या वेळी पुढच्या तुकडीतल्या एकाचं चाक पंक्चर झालं आणि चित्र मोटारसायकलवरच्या कॅमेऱ्याकडे गेलं. पोट्टे मोबाइल हातात धरून नुसते उभे. मुलं अजून फिरतच होती, कारण त्यांना थांबा म्हणायचं सगळे विसरले होते.

ड्रोनवाल्या मित्राला फोन केला. शर्यत संपल्यावर तो परत आला, साडेबाराला. उरलेल्या दोन बॅटऱ्या गावासाठी. वावराच्या कडेला बाजेवर स्क्रीन ठेवला, उन्हात दिसेना, म्हणून दोघींनी वर पदर धरून सावली केली. डोकी एवढी आत घुसली की ड्रोन उडवणाऱ्यालाच दिसेना.

सायकल दिसली. दांडा वाकलेला, कॅन थोडा रिकामा, पुढचं चाक फिरतंय. कोणी बोललं नाही. मग एक आवाज: “तीनच्या जागची माही.” “सातची कोणाची? उलटी टाकली, काठ आत गेला.” “खाली घ्या, खाली घ्या.” ड्रोन खाली आणला तर साड्या उडायला लागल्या, पुन्हा वर नेला. दूधवाले काका खुर्चीवर बसून होते, त्यांच्यापर्यंत स्क्रीन नेला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “स्टँड नाही काढला. कॅन लावून उभी कशी राहीन?”

खरंच. स्टँड कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

११ फेब्रुवारी, बुधवार

समितीने आज ठळक क्षणांची चित्रफीत टाकली. त्यात आमची सायकल चार सेकंद आहे, मित्राने दुपारी काढलेल्यातली. ‘गाव २ किमी. रस्ता नाही’ ही ओळ खालून कापली आहे. गावाच्या व्हॉट्सॲपवर पूर्ण चित्र फिरतंय, आणि ताईंनी त्याचा मोठा प्रिंट काढून पिशवीत ठेवलाय, पुढच्या वेळी कार्यालयात जाताना न्यायला.

साड्या अठ्ठावीस गेल्या, अठ्ठावीस परत. सात नंबरच्या साडीला तुराटीने भोक पडलं, तिची भरपाई मी द्यायची आहे. क्रेट परत. पोती मालकाने ठेवून घेतली. खर्च: फक्की, सुतळी, बांबूचं भाडं, मुलांना केळी. पावत्या लावल्या.

मालक उद्या वावर नांगरणार आहेत. आज संध्याकाळी पोट्ट्यांनी फोन केला, त्याआधी टेप घेऊन या. कशाला विचारलं तर म्हणाले, स्टँड काढायचा राहिलाय.

शनिवारी म्हटलं तर चालणार नाही. उद्या सकाळी सहाला निघतो.